नमुन्याचं नाव

५ नोव्हेंबर
आलो एकदाचे! यवतमाळहून रायपूरला, आई, धाकटा भाऊ स्वानंद आणि मी. बूढ़ापाऱ्यात तलावाजवळ दोन खोल्या मिळाल्या. स्वानंद बीरगांवच्या कारखान्यात लागला, मी नव्या रायपूरच्या ऑफिसात. तिथले रस्ते इतके रुंद आणि मोकळे, की वाटावं राजधानी आधी आली आणि माणसं मागून यायची आहेत. काम माशा मारण्याहून एक पायरी वरचं. हजेरीच्या सॉफ्टवेअरची जुनी माहितीपुस्तिका साध्या मजकुरात आहे, ती मार्कडाऊनमध्ये आणायची. शीर्षकाआधी हॅश, यादीआधी रेघ, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे. रोज एक प्रकरण साइटवर चढवायचं. प्रताप सरांनी बजावलं, खुणा घाला, मजकुराला हात लावू नका.

६ नोव्हेंबर
पहिलं प्रकरण, नवीन नोंद करणे. नमुना म्हणून जिथेतिथे दयाराम. दयाराम आला, दयारामला कार्ड द्या. वैतागून मी एका फटक्यात पुस्तिकेत सगळीकडे 'स्वानंद' केलं. सरांना कळलं तर कळलं. योगायोग म्हणजे आमच्या स्वानंदलाही आजच कारखान्याचं कार्ड मिळालं. खूप चिडवलं त्याला.

७ नोव्हेंबर
दुसरं, पत्ता बदलणे. उदाहरणातल्या स्वानंदला शहरातल्याच गुढ़ियारीला हलवलं होतं. घरी येते तर हा बॅग भरतोय. म्हणाला, "ताई, मले गुढ़ियारीत खोली भेटली, कंपनीतले पोट्टे आहेत सोबत. तू काहून तोंड पाडून राहिली?" आईने लाडू बांधून दिले.

१० नोव्हेंबर
तिसरं, कार्ड बंद करणे. चढवून तास झाला नाही तोच स्वानंदचा फोन. कार्ड चालत नाही, आणि रोजचा चौकीदार त्याला ओळखत नाही. ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या पद्मिनी दीदींना विचारलं, दयाराम कोण? त्या म्हणाल्या, तुझ्या खुर्चीवर कोणीतरी बसायचं, डब्यात तांदळाचा फरा आणायचं. चेहरा आठवत नाही. दयाराम हे नाव तर पहिल्यांदाच ऐकलं.

११ नोव्हेंबर
चौथं, नोंद कायमची काढणे. खाली ओळ: ही क्रिया परत फिरवता येत नाही. मी चढवणार नाही म्हटलं. सर म्हणाले, राहू दे, उद्या सकाळी अकरा वाजता आपोआप चढेल. 'दयाराम' परत टाकलं, फाइल उघडली — स्वानंद. 'अबक' टाकलं — स्वानंद. खरोखर असलेल्याच माणसाचं नाव लागतं त्या फाइलीला. चूक माझी, आणि भोगतोय तो.

१२ नोव्हेंबर, सकाळी दहा
ऑफिसला गेले नाही. स्वानंदने फोन केला. आईने राँग नंबर म्हणून ठेवून दिला. मी परत लावला तर तो रडत होता. ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला होता, तो उघडला.

१०:५०
फाइलीत त्याच्या जागी लिहिलं — देवश्री. माझं. उघडून पाहिलं. राहिलं. तेच राहिलं —

११:०२
फोन वाजला. आईने उचलला. विचारतेय, "जेवला का रे स्वानंद?" देवा — वाचला तो. मी रडत तिच्याजवळ गेले. तिने वळून पाहिलं, पदर सावरला. हिंदीत विचारलं, "किससे मिलना है, बेटी?"
मी सांगितलं, आई, मी —