दूर म्हणजे किती दूर

वारजे, पुणे
रविवार, दुपार

ती. अक्कास,
रतनचा सविनय जयभीम.

दाजींचा खोकला कसा आहे? त्यांनी बिडी सोडली असं तू मागच्या वेळी फोनवर म्हणालीस आणि त्याच वेळी मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला, म्हणून विचारतो. तुझे गुडघे, तुझी सून आणि तिचा नवा मिक्सर सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत आहोत. नुसते मजेत नाही, आम्ही जिंकलो आहोत. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू दर वाक्याला 'हं, पुढं?' म्हणतेस आणि माणसाचा विजय दोन मिनिटांत आटोपतो. कागदावर मला अडवणारं कोणी नाही. (चंपा शेजारीच मेथी निवडत बसली आहे, पण चष्म्याशिवाय तिला वाचता येत नाही आणि चष्मा मी घातला आहे.)

तर ऐक. मैत्री पुण्यातच राहणार. गुलबर्ग्याला परत येणार नाही. तुझ्या घरी राहून, तुझ्या हातची कडक भाकरी खाऊन ती डॉक्टर झाली हे मी कधी विसरलो नाही आणि तू विसरू दिलं नाहीस. पण शिक्षण तिकडे झालं म्हणून तिचं रजिस्ट्रेशनही कर्नाटकचं. इकडे दवाखाना थाटायचा तर नाव तिकडच्या यादीतून निघून महाराष्ट्राच्या यादीत चढावं लागतं. तिकडची ना हरकत, मग इकडची नोंद. अर्ज केला, पैसे भरले, आणि अर्ज जो बसला तो बसलाच. तुमच्या गावच्या हॉस्पिटलनं तिची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलेली, आणि तिनं मला स्वच्छ सांगितलेलं की तोवर नोंद झाली नाही तर मी परत जाते, घरात बसून राहायला एवढं शिकले नाही. तू दर रविवारी विचारायचीस, 'झालं का रे पोरीचं काम?' अक्का, त्या 'का रे'मधला आनंद न कळण्याइतका मी बहिरा नाही. (कान फॅक्टरीत गेला, पण एकच.) मला दवाखान्याचं तेवढं नव्हतं. इतकी वर्षं पोरगी सणाला बॅग घेऊन यायची आणि बॅग पुरती उघडायच्या आत निघायची. ती पुन्हा जायला नको होती, एवढंच.

आता तू म्हणशील, नोंद होईपर्यंत घरातल्या घरात दोन माणसं तपासली तर काय बिघडलं? मलाही तसंच वाटलं. एका सकाळी तिच्यापुढे हात करून बसलो, म्हटलं, बघ जरा नाडी. म्हणाली, "बाबा, नाही बघता येणार. तुम्ही महाराष्ट्रात आहात." म्हटलं, अगं, तूही महाराष्ट्रातच आहेस, समोर बसून पोहे खाते आहेस. म्हणाली, "मी आहे. माझं रजिस्ट्रेशन नाहीये." अर्ज आत पडलेला असताना कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असा तिचा निश्चय. बापालासुद्धा सूट नाही. ही पोर कुणावर गेली म्हणून मी विचारात पडलो, तर चंपा म्हणाली, "माझ्यावर." ते खरं असावं. चंपा एकदा कात्रजहून बसनं आली तेव्हा गर्दीत कंडक्टर तिच्यापर्यंत पोचलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी तिनं दोन तिकिटं काढली. कंडक्टर अजून तिच्याकडे संशयानं बघतो.

पण तुमच्याकडचे पेशंट मात्र मैत्री व्हिडिओवरून बघत होती, आतल्या खोलीत दार लावून. मी सहज विचारलं, हे कसं काय चालतं? तर म्हणे, कुठल्याही राज्यात नोंद असलेला डॉक्टर व्हिडिओवरून देशातल्या कुठल्याही पेशंटला सल्ला देऊ शकतो. कुठल्याही म्हणजे? कुठल्याही. वारज्यातल्याही? ती बोलता बोलता थांबली. अक्का, मी जन्मभर खडकीला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काम केलं. ठिणगी पडली की मला कळते.

दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंना आणून आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं. एकट्या राहतात, हातावर खाज उठली होती, आणि फोन बटणांचा. चंपाचा फोन त्यांच्या हातात दिला, मैत्री आत दार लावून बसली, कॉल लागला. अडचण एकच झाली. मैत्रीचा आवाज आधी दारातून यायचा आणि तोच मग फोनमधून. विमलाबाईंना दाराचा आवाज जास्त भरवशाचा वाटला. त्या दाराला उत्तरं देऊ लागल्या, दाराला हात दाखवू लागल्या. आतून मैत्री कळवळून सांगते आहे, "आजी, दाराशी नका बोलू, फोनशी बोला!" आणि विमलाबाई दाराला सांगताहेत, "अगं, मग दार उघड की!" शेवटी मी फोन त्यांच्या नाकासमोर धरून उभा राहिलो. (त्यात माझा अंगठा अर्धा वेळ कॅमेऱ्यावर होता. मैत्रीनं अंगठ्यालाही काही झालं नसल्याचं सांगितलं.) नवा साबण बंद करायला लावला आणि चार दिवसांत खाज गेली.

मग काय विचारतेस! विमलाबाईंना सांगायला माणसं शोधावी लागत नाहीत, ती लिफ्टमध्ये सापडतात. आमचा हॉल भरू लागला. मागच्या इमारतीतले एक गृहस्थ तर घरून स्टूल घेऊन यायचे. बाहेर पेशंट, आत डॉक्टर, मध्ये दार आणि दाराला कडी. चंपा चहा करून करून टेकीला आली. जिथे हात लावून बघायला हवं असं वाटे तिथे मैत्री सरळ सांगायची, हे व्हिडिओवर जमणार नाही, चौकातल्या डॉक्टरांकडे जा. त्यामुळे चौकातले डॉक्टरही खूश. खूश नव्हता तो एकच माणूस, आणि तो आमचा चेअरमन.

श्याम मेहेंदळे. मूळचे सदाशिव पेठेतले, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. सोसायटीत भिंती कमी आणि त्यांच्या सूचना जास्त आहेत. 'लिफ्टमध्ये गप्पा मारू नयेत. मारायच्याच असल्यास जिन्याने जावे.' ही त्यातली प्रेमळ. तर एका सकाळी नवी सूचना लागली: 'टेलिमेडिसिनमधील टेली म्हणजे दूर. भिंतीपलीकडून दिलेला सल्ला दूरचा होत नाही. परराज्यातील डॉक्टरांनी नोंद घ्यावी. रविवारी सभा. खुलासा न पटल्यास मेडिकल कौन्सिलकडे तक्रार.' मैत्रीनं ती वाचली आणि वर आली. तक्रार गेली की चौकशी लागणार, चौकशीत महिनाअखेर उलटणार. माळ्यावरची बॅग तिनं खाली काढली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि चंपानं मटण केलं होतं यावरून तू काय ते समज.

सभा पार्किंगमध्ये भरली. मेहेंदळ्यांनी 'दूर' या शब्दावर व्याख्यान दिलं. दूरदर्शन, दूरध्वनी, दूरवरचे नातेवाईक. निष्कर्ष असा की मध्ये निदान एक रस्ता तरी हवा. सलिल म्हणून आयटीतला मुलगा आहे, तो उठला आणि म्हणाला, "काका, टेक्निकली कॉल आधी सर्व्हरला जातो, तिथून परत येतो, सो तो ऑलरेडी खूप लांबून येतोय." मेहेंदळे म्हणाले, "'सो'चा अर्थ सांगा, मग पुढे बोला." सलिल बसला. मग मी उठलो. म्हटलं, मेहेंदळेसाहेब, आमच्या फॅक्टरीत दारूच्या दोन शेडमध्ये किती अंतर ठेवायचं ते मीटरमध्ये ठरलेलं असतं. सरकारला जिथं अंतर हवं असतं तिथं सरकार ते लिहितं. या नियमात 'देशात कुठेही' असं लिहिलंय. आमचा हॉल देशात येतो की नाही तेवढं सांगा. अक्का, टाळ्या पडल्या! स्टूलवाले गृहस्थ तर स्टुलावर चढून वाजवत होते. मेहेंदळे तेवढ्यावर म्हणाले, "टाळ्या हा पुरावा नव्हे," आणि खिशातून तक्रारीचा मसुदा काढून सह्यांसाठी फिरवू लागले.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून त्यांच्या सौभाग्यवती उठल्या. सुनीतीबाई. या बाईंना सभेत बोलताना कुणी ऐकलेलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, मी गेल्या आठवड्यात त्या सोफ्यावर बसून आले. टाच दुखते म्हणून गेले होते. तिनं टाचेचं ऐकून घेतलं आणि विचारलं, काकू, तुमचा आवाज असा घोगरा कधीपासून आहे? दमायला होतं का, थंडी वाजते का? रक्त तपासून घ्या म्हणाली. थायरॉइड निघालं. आपण रोज एका सोफ्यावर बसतो, आणि वर्षभर तुम्ही मला 'स्पष्ट उच्चार कर' म्हणून सांगताय. तिला भिंतीपलीकडून कळलं. आता दूर कोण, ते तुम्हीच ठरवा." आणि बसल्या.

मेहेंदळ्यांनी मसुद्याची घडी घालून खिशात ठेवली, आणि बायकोशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. सभा संपली. संध्याकाळी लिफ्टपाशी नवी सूचना होती: 'वरील सूचना रद्द समजावी.' वर काहीच नव्हतं, ती त्यांनी आधीच काढली होती. (लोक म्हणतात सुनीतीबाईंनी सभा जिंकली. फोडणी त्यांनी घातली हे मला मान्य आहे. पण डाळ मी शिजवली होती.)

तक्रार करायला बसलेला माणूस उठवता येत नाही, फक्त वळवता येतो. दुसऱ्या दिवशी मेहेंदळे लाल पेन घेऊन आमच्या घरी हजर. म्हणाले, तुमचा अर्ज का अडला ते बघू. आणि पहिल्याच पानावर त्यांचं पेन थांबलं. तिकडच्या नोंदीत पोरीचं नाव होतं इंग्रजीत 'मैथ्री आर.' आडनाव गायब, बापाचं एकच अक्षर, तेही शेवटी, आणि नावात एक एच जास्त. इकडच्या अर्जात मैत्री रतन ओव्हाळ. कागदावर या दोन वेगळ्या मुली होत्या, आणि आमच्यातल्या कुणालाही ते दिसलं नव्हतं, कारण तुमच्याकडे सगळ्यांचीच नावं तशी लिहितात. (प्रवेशाच्या वेळी नाव दाजींनी सांगितलं होतं. मी काही म्हणत नाही. मुद्दाम केलं असं तर मुळीच म्हणत नाही.) प्रतिज्ञापत्र केलं, मेहेंदळ्यांनी त्यातले सात ऱ्हस्वदीर्घ सुधारले, आणि महिना संपायच्या आत पोरीचं नाव महाराष्ट्राच्या यादीत चढलं!

तळमजल्यावरचा गाळा मेहेंदळ्यांनीच मिळवून दिला. पाटीवर नाव आहे आणि त्याखाली त्यांची सूचना: 'दार उघडे आहे. फोनशी बोलू नये.' बॅग मी स्वतः माळ्यावर चढवली. शिडीवरून उतरताना डोळ्यांत पाणी आलं, आणि चंपानं 'धूळ गेली का?' विचारलं तर मी नाही म्हणून सांगितलं. पहिला पेशंट कोण असेल? मी! पोरीनं माझा हात हातात घेतला, घड्याळाकडे बघितलं आणि कायद्यानं माझी नाडी मोजली. अक्का, तू हरलीस. पण तूच तिला डॉक्टर केलंस, म्हणून या विजयात तुझाही थोडा वाटा ठेवला आहे.

दाजींना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुझा विजयी भाऊ,
रतन

ता. क. : ती नाडीवर थांबली असती तर बरं झालं असतं. रक्तही काढलं. साखर काठावर आहे म्हणते. तेव्हापासून जिलबी बंद, भजी बंद, खडकी बाजारातला खिमा-पाव बंद. चंपा तिच्या बाजूची झाली आहे. पहाटे टेकडीवर चालायला जावं लागतं, तेही मेहेंदळ्यांबरोबर, आणि ते चढावर माझं व्याकरण सुधारतात. तर पत्राचं खरं कारण हे, की मला महिनाभर तुझ्याकडे येऊ दे. पोरीची खोली रिकामीच असेल. तिचं नाव तुमच्या यादीतून आता निघालं आहे, तेव्हा गुलबर्ग्यात ती माझ्या नाडीला हात लावू शकत नाही. शेंगाच्या पोळ्या करून ठेव.

आणखी एक : मेहेंदळ्यांना आडून विचारलं. ते म्हणाले, व्हिडिओवरून ती देशात कुठेही तुम्हाला गाठू शकते, सभेत तुम्हीच तर हे ठासून सांगितलंत. तेव्हा मी आलो की तुमच्या घरात नेटवर्क येत नाही, असं दाजींनी सांगायचं. त्यांनी खोकत सांगितलं तर जास्त खरं वाटेल.

शेवटचं : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात मैत्री दवाखान्यातून वर आली. 'बाबा, जेवलात?' एवढं विचारून हात धुवायला गेली. रोज असंच विचारते. अक्का, ही पोरगी घरात राहावी म्हणून एवढा खटाटोप केला, आणि मीच बॅग भरून निघालो तर मला काय म्हणावं? तेव्हा तू असं कर. उलट टपाली 'येऊ नकोस, जागा नाही' असं ठसठशीत अक्षरात लिहून पाठव. म्हणजे मला चंपाला सांगता येईल, की मी निघालोच होतो, बहिणीनं येऊ दिलं नाही. जरा घाई कर. उशीर केलास तर मला खरंच यावं लागेल.