हिरीसाठी हात

मु. वडगाव, औंध संस्थान

ती. आबास चंद्रीचा पाया पडून दंडवत. आमी बरी हाय, बाळ रांगतंय.

काल चावडीम्होरं हात वर करून गावचं पंच निवडलं. मामंजी उभं ऱ्हायलेलं, म्हनून घरच्या बायकाबी नेल्या. समोर नाथाजी. त्यो म्हनतो, हिरीच्या पायऱ्या बुजवून रहाट बसवू, मंजी नारूच्या जखमंचं पाय पान्यात जायाचं न्हाईत, त्ये पानी पिऊन कुनाला नारू हुनार न्हाई. मामंजी नगं म्हनत्यात.

बाळ तेच पानी पितंय, आबा. मी नाथाजीसाठी हात वर केला. त्योच निवडून आला.

आत्याबाई म्हनल्या, "सासऱ्यावर हात उगारलास व्हय गं?" तवापास्नं माज्याशी कुनी बोलत न्हाई. धनी पलटनीत, त्येस्नी काय कळवत्यात कुनास ठावं. लय भ्या वाटतंया.

आईचा गुडघा कसा हाय? दादाला न्ह्यायला धाडू नगा. पायऱ्या बुजंस्तवर मला हितंच ऱ्हायचंय.

तुमची लेक
चंद्री