बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

१० मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

“राहू दे ती गोळी, पुढच्या तापाला होईल.” मला गोवर झाला होता तेव्हा बाबा म्हणाले होते. तेव्हापासून आपल्या घरात एकही गोळी टाकली गेली नाही.

शेजारच्या काकूंचा फोन आला होता. तू शिवता शिवता घेरी येऊन पडलीस आणि ते मला त्यांच्याकडून कळावं? स्वतःची थायरॉईडची समजून तू बाबांची रक्तदाबाची गोळी घेतलीस म्हणे. पाकिटातून काढून बटणांच्या डब्यात ठेवल्यावर दुसरं काय होणार? पांढरीजवळ पांढरी, गुलाबीजवळ गुलाबी. शर्टाला चुकीचं बटण लागलं तर उसवता येतं गं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, आता तो डबा रिकामा कर. फोनवर सांगितलं की तुला नेमकं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

लोभ आहेच, रागही आहे.

तुझी ठमी

१६ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पडले नाही, खाली बसले. फक्त तिथे खुर्ची नव्हती. गिऱ्हाइकाचा कोट तेवढा चुरगळला. डॉक्टरांनीही तुझ्यासारखंच फैलावर घेतलं. आयुष्यभर न बघता, नुसत्या बोटांनी बटणं ओळखत आले. गोळी ओळखता आली नाही, हे पडण्यापेक्षा जास्त लागलं.

पण टाकू कुठे? मोरीत ओतायला निघाले तर काकूंनी हात धरला. म्हणाल्या, ते सगळं पाण्यात मिसळतं. तूच सांग.

रागातला थोडा जावईबापूंसाठीही ठेव.

तुझी आई

२१ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

मोरीत नकोच. नुसतं कचऱ्यातही नको, कुणा पोराच्या हाती लागायचं. तुमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला फोन केला, तो जुनी औषधं परत घेतो. सगळं पिशवीत भरून दे. तुझ्या चालू गोळ्या मात्र त्यांच्याच पाकिटात, शेगडीपासून लांब, कोरड्या कपाटात ठेव. आणि बटणांच्या डब्यात, कृपा करून, बटणं.

जावईबापू तुझ्या बाजूने आहेत, हे त्यांनी हळूच सांगितलं.

तुझी ठमी

२८ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

दिलं बाई सगळं. औषधवाल्याने पिशवी उचलून विचारलं, आजी, तुम्हीही दुकान काढलं होतं की काय? तुझ्या गोवराच्या वेळचं मलम निघालं, त्याचा दगड झाला होता. माझ्या गोळ्या पाकिटासकट कपड्यांच्या कपाटात आहेत. डबा धुऊन उन्हात वाळवला आणि बटणं भरली.

सगळ्यांना सांभाळ, स्वतःलाही.

तुझी आई

ता. क. बाबांना अर्धीच गोळी लागायची. मी कात्रीने तोडायचे, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसाला. शेवटची अर्धी तशीच राहिली. ती दिली नाही. जाड कापडात घालून चारी बाजूंनी शिवून टाकली आहे, कुणाच्या तोंडात जायची भीती नाही. तू नाहीच म्हणणार, ओळखते ना तुला. तरी विचारते, एवढी राहू दे?