बाई, वरचा मजला

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कामावर रुजू झाले. दुकान लांबट आहे. पुढे काउंटर, मधे कपाटं आणि पार मागे माझं टेबल, त्यावर वाकड्या मानेचा दिवा. इतकी वर्षं मी शेजारीपाजारी सगळ्यांचे हेडफोन फुकटात दुरुस्त करत आले आणि आई म्हणायची, एवढं डोकं अभ्यासात घातलं असतंस तर. आता त्याच डोक्याचा पगार मिळणार, असं मी तिला फोनवर ऐकवलं. तिने लगेच विषय बदलून जेवलीस का विचारलं.

मालक मोजकं बोलतात. आज त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे, आवाज गेला म्हणून गिऱ्हाईक रडत येतं, पण आवाज हरवत नाही, दुसरीकडे जातो. कुठे गेला तेवढंच आपण शोधायचं. दुसरी अशी, की तपासणीसाठी गिऱ्हाइकाचा फोन आपल्या स्पीकरला जोडला, तर परत देण्याआधी फोनला तो स्पीकर विसरायला लावायचा. एकदा ओळख झाली की ही यंत्रं जवळपास आली रे आली की कुणाला न विचारता एकमेकांना जोडली जातात. दुकानात या कामाला 'विसरवणं' म्हणतात. मालकांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मी मनात म्हटलं, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मजा येतेय. सकाळी एक गृहस्थ हेडफोन घेऊन आले. उजव्या कानाला ऐकूच येत नाही म्हणून तणतणत होते. जाळीत मळ भरला होता, दुसरं काही नाही. त्यांच्यादेखत साफ करणं बरं दिसेना म्हणून मी आत जाऊन उगाच थोडा वेळ काढून आले.

दुपारचं गिऱ्हाईक तर कहर होतं. बायकोचा फोन आला की त्याला काही ऐकूच यायचं नाही. आवाज जात होता खाली उभ्या केलेल्या त्याच्या गाडीत. परवा हा वर घरात 'हॅलो हॅलो' करत बसला आणि बायको सासूबद्दल जे काही बोलत होती ते गाडीत बसलेल्या सासूने शब्दन् शब्द ऐकलं. त्याला मी गाडी विसरायला लावली. सासूचं काय करायचं ते मात्र आमच्या हातात नाही.

तपासणीचा स्पीकर म्हणजे माझा खरा सोबती. काळा, बोजड, माइक पोटातच आणि समोर छोटी काच. जोडलेल्या फोनचं नाव त्या काचेवर उमटतं. मी त्याचं नाव जाड्या ठेवलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानाच्या बरोबर डोक्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. आज त्या जिना उतरून आल्या, एक हात कठड्यावर आणि एका हातात फोन. मुलगा लांबच्या गावी असतो, त्याचा फोन येतो, पण त्याचा आवाजच येत नाही. त्यांना वाटत होतं, तोच रागावून गप्प बसतो. हे सांगताना हसत होत्या, पण डोळे भरलेले होते.

मुलाने पाठवलेले इअरफोन कपाटात पडलेत आणि डबीचं झाकण नीट लागत नाही, एवढं कळल्यावर पुढचं सोपं होतं. मुलगा इतके दिवस कपाटात बोलत होता. इअरफोन विसरवले. मग खात्री करायला फोन जाड्याला जोडला आणि मुलाला लावला. त्याचा 'आई' एवढा मोठ्याने घुमला की बाई दचकल्या आणि मग माझ्या गालावरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या फोनला मी गमतीने नाव दिलं, 'बाई, वरचा मजला'. काचेवर ते उमटलेलं पाहून त्या खूश झाल्या. त्या जायला निघाल्या तेव्हा मी म्हटलं, काही अडलं तर सांगा, मी खालीच आहे.

जाड्या मात्र मी विसरवला नाही. बाई आता दर दोन दिवसांनी येणार, प्रत्येक वेळी नव्याने जोडत कोण बसणार. एवढी अक्कल मालकांच्या नियमापेक्षा मला जास्त आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साधा दिवस. मालक सामान आणायला गेले होते. दुपारी सोल्डरिंगचं नाजूक काम हातात असताना जाड्या मधेच बोलू लागला. आधी घंटी वाजल्याचा आवाज, मग कुणी पुरुष. हॅलो, आई, ऐकू येतंय का, असं काहीतरी. रस्त्यावरच्या कुणाचा तरी फोन चिकटला असणार. माझे दोन्ही हात गुंतलेले, त्यात तो आई आई करत सुटला. शेवटी कोपराने बटण फिरवून आवाज कमी केला आणि गुणगुणत काम पुरं केलं.

थोड्या वेळाने वर काहीतरी आपटल्याचे आवाज आले. बाईंनी सफाई काढलेली दिसते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई गेल्या.

सकाळी कामाच्या मावशींना त्या स्वयंपाकघरात जमिनीवर सापडल्या. काल दुपारी पडल्या असाव्यात, खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच गेल्या नाहीत, बराच वेळ होत्या. हातात फोन होता. लाटणं शेजारी पडलं होतं. जमिनीवर लाटणं आपटल्याच्या खुणा आहेत, असं मावशी रडत रडत सांगत होत्या.

मालकांनी विचारलं, बाईंच्या फोनला स्पीकर विसरवला होतास ना. मी हो म्हटलं. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हटलं, असं वाटतंय आता.

रात्री जेवण गेलं नाही. आईचा फोन आला, तोही घेतला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंचा मुलगा दुकानात आला. मालक नव्हते. आवाज ऐकताच ओळखला. खरं लिहायचं तर तेराव्या तारखेलाही मला तो ओळखीचा वाटला होता. मी कामात होते म्हणून तो ओळखीचा आहे हे मनावर घेतलं नाही. इतकंच.

त्याने आईचा फोन काउंटरवर ठेवला. म्हणाला, ताई, तिने त्या दिवशी मला फोन केला होता, पण तिचा आवाज आलाच नाही. पंखा ऐकू येत होता, आणि कुणी मुलगी गुणगुणत होती. त्याला वाटलं, आई टीव्ही बघतेय आणि चुकून फोन लागलाय. त्याने कट केला. तो म्हणाला, मीच कट केला. हे तो तीन-चारदा म्हणाला. फोनमध्ये काही बिघाड होता का, एवढंच त्याला कळायला हवंय. नसेल तर आई बोलत होती आणि आपण ऐकलं नाही, असा त्याचा हिशेब आहे.

मी फोन हातात घेतला. जोडलेल्या यंत्रांत एकच नाव होतं, दुकानाच्या स्पीकरचं. त्याच्यासमोर, त्याच्याकडे बघत, मी ते विसरवलं. सांगितलं की माइक कदाचित अधूनमधून बंद पडत असेल, पण बिघाड सापडत नाहीये, नक्की काही सांगता येत नाही. त्याने मान हलवली. माझे आभार मानले. काही समजलं तर कळवा म्हणून नंबर लिहून दिला. वरच्या घराला कुलूप लावून, फोन बंद करून, तो बरोबर घेऊन तो गेला.

एक वाक्य बोलले असते तर त्याच्या डोक्यावरचं ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं. म्हणून बोलले नाही. हे मला नीट कळतंय आणि तरी मी बोलले नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मालक लेकीकडे गेले, मंगळवारी येतील. दुकान माझ्यावर आहे.

दुपारी जाड्याने 'टुंग' केलं, कुणी जोडलं गेलं की करतो तसं. काचेवर नाव आलं. बाई, वरचा मजला.

तो फोन बंद आहे. या गावातही नाही. जाड्याची सगळी स्मृती पुसली, पहिल्या दिवशीसारखा कोरा केला. परत लावला. टुंग.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आवाजही आला. आधी नळाचं ठिबकणं. मग श्वास, तुटक तुटक, जमिनीला गाल टेकून घ्यावा तसा. मी वायर उपटली. थोडा वेळ बॅटरीवर चालूच राहिला.

कळलं मला हे काय आहे. त्या दिवशी मुलाचा आवाज इथे आला आणि त्याच्याकडे माझं गुणगुणणं गेलं. बाई फोनमध्ये जे बोलल्या ते कुणाकडेच गेलं नाही. ते कुठेतरी गेलंच असणार. हरवत नाही ना.

गिऱ्हाईक आलं होतं, त्याला म्हटलं आज काम बंद.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शब्द लागतात आता. मुलाला हाका आहेत आधी. मग त्याला ऐकू येत नाही म्हणून माझ्या नावाने — माझं नाव त्यांना माहीत नव्हतं, 'पोरी' म्हणतात. पोरी, आहेस का गं खाली.

मग लाटणं. जाड्यातून आणि छतातून, दोन्हीकडून.

मुलाचा नंबर दोनदा काढला. लावला नाही. काय सांगू त्याला.

२३ फेब्रुवारी, रविवार

त्यांना सगळं ऐकू येत होतं. फोनमधून नाही, फरशीतून. मुलगा खालून आई आई म्हणतोय, अगदी मोठ्याने, आणि मग तो हळू हळू — मी कमी केला तसा. बाई म्हणत होत्या —

पोरी, आवाज कमी करू नकोस गं.

तेवढंच, पुन्हा पुन्हा. रागावून नाही. वर्गात समजावतात तसं.

जाड्याला कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर कोंबलाय, गोधडीत गुंडाळून. उद्या सुटी आहे. उद्या बाईंच्या मुलाला फोन करणार. सगळं सांगणार. त्याने कट केला म्हणून नाही, माझ्यामुळे. नोकरी गेली तर जाऊ दे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुकान बंद, शटर आतून खाली ओढलं. कुणी मला रडताना बघू नये म्हणून. आधी जाड्याला कायमचा फोडून टाकावा, मग फोन करावा, असं ठरवलं. स्टुलावर चढले. हात लागायच्या आत वरून 'टुंग' झालं आणि माझा तोल —

पाय. उजवा. मांडीपासून भलतीकडे वळलाय. उठता येत नाही. जाड्या शेजारी पडलाय, फुटलाय, काच काळी. बरं झालं.

वही खिशातच होती. फोनही आहे.

बाईंच्या मुलाला लावला. आधी कबूल करेन, मग मदत मागेन, असाच क्रम धरला. घंटी गेली, आकडे पळू लागले, म्हणजे त्याने उचलला. कानाला काही नाही. एकदम शांत. मी बोलत राहिले, सगळं, पहिल्यापासून —

वरून येतोय त्याचा आवाज. छतातून. कुलूपबंद घरातून. हॅलो, कोण बोलतंय, काहीच ऐकू येत नाहीये.

फोनवर बघितलं. जोडलेलं यंत्र: बाई, वरचा मजला.

विसरवते. परत येतं. ब्लूटूथ बंद केलं. नाव तसंच.

ओरडले. शटरच्या पलीकडे माणसं चालताहेत, पावलं दिसताहेत फटीतून. कुणी थांबत नाही. माझं ओरडणं मला माझ्या तोंडातून नाही — तेही वरून येतंय —

तो अजून आहे लाइनवर. म्हणतोय, कुणीतरी गुणगुणतंय, कोण आहे, ताई तुम्ही आहात का. हो. हो, मीच. दादा, तुम्ही कट केलात म्हणून नाही, मी —

वर कुणीतरी चालतंय. माझ्या डोक्याच्या वरपर्यंत आलं. थांबलं.

त्याचा आवाज बारीक होतोय. कुणीतरी सावकाश —

बाई, मी सांगतेय त्याला, सांगतेच आहे, खरंच, बाई, आवाज कमी करू न