जिन्यातली फुटकी लादी

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आज आईला बघायला आले होते. जिन्यातल्या फुटक्या लादीवरून ती गेल्या आठवड्यात पडली आणि डावा हात मोडला. ते म्हणाले, "देवाचे आभार माना वहिनी, हातावर निभावलं." आई लगेच म्हणाली, "रोज मानते हो."

आभार कसले? त्या लादीसाठी मी तीन अर्ज दिलेत, तीन. राहवलं नाही. म्हटलं, "काका, देवाने त्याचं काम केलं. तुम्ही लादी कधी बदलणार?" चहा अर्धा टाकून ते उठले.

आई चिडली. "घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात? डोकं आपटलं असतं म्हणजे?" आपटलं असतं तर तेही देवाच्याच नावावर घातलं असतं का?

मग मी देवापुढे दिवा लावला. प्लास्टरमुळे आईला हात जोडता येईनात. तिने माझा हात ओढून आपल्या उजव्या तळव्याला लावला आणि डोळे मिटले. ती पुटपुटत राहिली. मी हात काढून घेतला नाही, पण आतून धुमसतच होते.