सासू जमिनीवर, सून खुर्चीवर

कामतघर, भिवंडी
दि. ११ जानेवारी १९९४

तीर्थरूप जाईबाई ताईंना धाकट्या भावजयीचा, मंदाचा, वाकून जयभीम. (वाकून हे लिहिण्यापुरतं. सध्या वाकता येत नाही, कारण पुढे सांगते.) तुमचा खोकला कसा आहे, दाजींची दाढ काढली का, कोंबड्या किती उरल्या, ते कळवा. इकडे तुमचे भाऊ सावळाराम ठीक (कागदावर नाव घेतलं तर चालतं, तोंडाने मी अजून घेत नाही). तुमची आई तर माझ्यापेक्षा ठणठणीत. माझं अक्षर चौथीपर्यंतचं आहे, लागेल तसं वाचून घ्या.

तर माझा उजवा गुडघा दिवाळीपासून धरलाय. दिवसभर कारखान्यात कांडीच्या मशीनवर उभं राहून सूत भरायचं, घरी येऊन दोन हंडे दुसऱ्या माळ्यावर चढवायचे, मग उकिडवं बसून भांडी, कपडे, स्वयंपाक. तुमचे भाऊ पडले लूमचे जॉबर, बिघडलेली मशीनं चालू करणारे. मशीन खडखडलं की तेल, तेलाने भागलं नाही की मशीन बंद, एवढे दोनच उपाय त्यांना येतात. बायकोलाही तेच लावले. आठ दिवस लूमचं तेल कोमट करून चोळलं. गुडघा होता तसाच, माझी दोन पातळं काळी झाली, आणि शेजारची धोंडूबाई विचारायला लागली की मंदा, तू घरी असलीस तरी कारखान्याचा वास कसा येतो गं. मग म्हणाले, मशीन बंद. तीन आठवडे मला गोधडीवर आडवं केलं, पाय उशीवर. (त्या दिवसांत भात कोणी शिजवला म्हणाल, तर तो त्याच्या मर्जीने शिजला.) उठले तर गुडघा गंजलेल्या कडीसारखा. सेठने वर बजावलं, परत घरी बसलीस तर तुझ्या मशीनवर दुसरी बाई.

शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेले. पोरगेला आहे, पण समजावतो चांगलं. म्हणाला, काकी, हाडांच्या टोकांना गुळगुळीत गादी असते, कूर्चा म्हणतात तिला. तिच्यात रक्त जात नाही. चालताना ती दबते आणि सुटते, त्यात पाणी आतबाहेर होतं, तेच तिचं खाणंपिणं. सारखी दाबून ठेवली तरी झिजते, अजिबात दाबली नाही तरी खराब होते. मी म्हटलं, डॉक्टर, ही गादी कसली, ही तर सून. तो हसला, पण गोळ्या कडूच दिल्या. पुढे म्हणाला, जिना चढताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या तिप्पट भार येतो, हंडा घेतला की आणखी, आणि उकिडवं बसून उठणं सगळ्यात वाईट. झिजलं ते भरून येत नाही, उरलंय ते सांभाळा. रोज सपाट रस्त्याने चाला, हंडा सोडून कळशी घ्या, काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरा (मी महिनाभर दुखऱ्या बाजूलाच धरत होते. दुखतो उजवा, काठी डावीकडे काय करील, असं कोणालाही वाटेल), आणि बसायचं ते खुर्चीवर.

इथे घोडं अडलं. घरात खुर्ची एकच, विहाराने जुन्या काढल्या तेव्हा आणलेली, लोखंडी, घडीची. पाहुणा आला तरच ती खिळ्यावरून उतरते. आणि तुमच्या घराची रीत तुम्हाला ठाऊक आहे, सासू जमिनीवर असताना सून पाटावरही बसत नाही. पंचवीस वर्षं मी बसले नाही. आता तुमच्या भावाने स्टोव्ह टेबलावर चढवला, मी खुर्चीवर बसून वांगी चिरायला घेतली, तर तुमची आई दारात उकिडवी बसून चाळीला ऐकवते, “या गं, बघा, आमच्याकडं कलेक्टरीणबाई आल्यात!” मी म्हटलं, आत्याबाई, डॉक्टरने सांगितलंय. तर म्हणे, “मी जलमभर अशीच बसतंय, माझ्या गुडघ्याला न्हाय लागला कुठला डॉक्टर.” मी उठले. म्हणून आता त्या दारात असल्या की मी खाली, धोंडूबाईकडे गेल्या की मी वर. त्यांची चप्पल वाजली की परत खाली. डॉक्टरने जी उठबस करू नको म्हटलं, तीच खुर्चीपायी दुप्पट झाली.

माझं मागणं काही नाही. तुम्ही थोरल्या लेक, तुमचं त्या ऐकतात. एक कडक पत्र टाका, की आई, मंदाला खुर्चीवर बसू दे, तिचा गुडघा गेला तर पाणी तुलाच भरावं लागेल. तुमचे भाऊ वाचून दाखवतील. स्वतःहून त्यांच्या तोंडातून हे निघायचं नाही, तुमचं म्हणून निघेल.

माझं बोलणं लागलं असेल तर लागू द्या, खोटं त्यात काही नाही.

तुमची,
मंदा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज लाईट गेली, शिफ्ट लवकर सुटली. घरी आले तर दार लोटलेलं, आणि तुमची आई खुर्चीवर. पाय लांब, डोळे मिटलेले. मला बघून उठायला गेल्या, उठता येईना. मी धरलं तेव्हा दोन्ही गुडघे कडकड वाजले. माझा एकच वाजतो. कधीपासून, म्हटलं. म्हणाल्या, “सावळ्याच्या लग्नाच्या आधीपासनं.” मग बोलला का नाहीत? “सासू होती तवर तिच्यापुढं कशी बसू? ती गेली तवर तू आलीस. सुनेपुढं कसं म्हणू, दुखतंय?” मी त्यांना परत खुर्चीवर बसवलं.

ता. क. दुसरं. आईला पत्र लिहू नका. त्या आता खुर्चीवरून उतरत नाहीत, म्हणून मी परत जमिनीवर. तुमच्या ओट्यावर ती हातांची लाकडी खुर्ची आहे, जिच्यावर कोंबड्या बसतात, ती दाजींबरोबर एसटीच्या टपावर टाकून रविवारच्या आत पाठवा. धुवायला थांबू नका. फक्त उंची मोजा. आमची लोखंडी जमिनीपासून दोन वीत आणि एक बोट आहे. तुमची तिच्यापेक्षा उंच निघाली, तर तिचे पाय तिकडे अकलोलीतच कापून घ्या, आमच्या लोखंडीपेक्षा बोटभर कमी ठेवा. इथे कापायला बसले तर तुमच्या आईला कळेल की मी त्यांचा मान ठेवते, आणि मग त्या मला आयुष्यभर सोडायच्या नाहीत.