मोठ्या तलावाचा दुसरा काठ

भोपाळ, रविवार

तीर्थरूप बाबा,

इथूनच पाया पडते. खुशबू, बाबाले मोठ्यानं वाचून दाखव, मधातलं काही गाळू नको.

मी मजेत आहो. दवाखान्यातली ड्युटी जमली, मेसची भाजीही आता गोड लागते.

आज सुट्टी म्हणून इथल्या मोठ्या तलावाले चक्कर मारायले निंगाली. आपल्या गावी चुलीवर भात ठेवून निंगालं का शिजेपर्यंत तलावाच्या पारीवरून फिरून येतो, तसंच वाटलं. ना पाणी घेतलं, ना डबा. काठाकाठानं झाडातून रस्ता आहे. पाणकावळे पंख वाळवत बसले होते. ऊन डोक्यावर आलं, तरी काठ काही वळेच ना. समोर नुसतं पाणी, अन् पाण्याले टेकलेलं आभाळ. मी उभीच राहिली. बाबा, एवढं पाणी पाहून छाती भरून आली, भेवही वाटलं.

एक म्हातारे काका जाळं झटकून राहिले होते. त्याइले विचारलं, "पूरा चक्कर कितना बाकी है?"

ते हसले. "बेटी, शाम तक भी नहीं होगा. किसकी हो?"

"मछुआरे की," म्हटलं. मंग त्याइनं आपल्या डब्यातली रोटी देल्ली.

आईचा गुडघा कसा आहे? मासे धरायले डोंगा पाण्यात कोण नेते? तुम्ही एकटे तं जात नाही ना, अंदाजानं?

फोनवर डोळ्याचं नाव काढलं का तुम्ही फोन आईले देता, म्हणून पत्र लिहिलं. मोतीबिंदू काढून घ्या. मंग इकडं या. दुसरा काठ मले तं दिसला नाही, तुम्हीच पाहून सांगा.

तुमची,
रंजू